जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचे बुश : कोणते निवडावेत, कसे बसवावेत आणि आवाज नेमका कशाचा, हे कसे ओळखावे?

आनंदवल्लीकर

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. वडिलांनी निवृत्तीच्या वर्षी ती नवी घेतली होती. आजवर ती १,१२,००० किलोमीटर चालली आहे आणि पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणीही मी करून घेतली आहे. इंजिन आणि पत्रा यांची अवस्था उत्तम असल्यामुळे ती आणखी काही वर्षे वापरावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अडचण फक्त आवाजाची आहे. नाशिकच्या गंगापूर रोडच्या चांगल्या भागात गाडी शांत चालते. मात्र सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांवरून ती सावकाश नेली, की पुढच्या डाव्या बाजूने कटकट असा आवाज येतो, आणि गतिरोधकावरून उतरताना जुने दार उघडावे तशी लांबट करकर ऐकू येते.

गेल्या दीड वर्षात मी आधी स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांडीला) चाकांच्या बाजूशी जोडणारे दोन्ही लिंक रॉड बदलून घेतले, तेव्हा महिनाभर आवाज कमी झाला. नंतर पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, त्याने काहीच फरक पडला नाही. शेवटी चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या दोन्ही लोअर आर्मचे मिळून चार बुश, म्हणजे सांध्यातले रबरी भाग, बदलले आणि गाडी खरोखर शांत झाली. परंतु साडेचार महिन्यांतच करकर परत आली. गाडी वर घेऊन पाहिली, तेव्हा डाव्या आर्मच्या मागच्या बुशाचे रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटू लागलेले दिसले. गॅरेजमधून असे सांगण्यात आले की माल हलका निघाला असेल, आता पॉलियुरेथेनचे म्हणजे पीयूचे बुश टाकावेत, ते फाटत नाहीत. मूळ प्रतीचे रबरी बुश, पीयूचे बुश किंवा बुशांसकट तयार मिळणारा संपूर्ण आर्म, यांपैकी काय घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. बुश पुन्हा साडेचार महिन्यांत का जावेत, हेही मला समजून घ्यायचे आहे.

सातपूरचा_रबरवाला

आनंदवल्लीकर, आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. मी सातपूर औद्योगिक वसाहतीत रबराचे साचेकाम करणाऱ्या एका लहान कारखान्यात ३६ वर्षे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे बुशच बनवले.

लोअर आर्मच्या बुशात बाहेर एक लोखंडी कडे असते, आत एक लोखंडी नळी असते आणि दोहोंच्या मध्ये रबर असते. धातूवर आधी चिकटद्रव्याचा थर देतात, मग साच्यात उष्णता आणि दाब देऊन रबर पक्के करतात, त्याच वेळी ते दोन्ही बाजूंच्या धातूला कायमचे धरून बसते. बाहेरचे कडे आर्ममध्ये घट्ट दाबून बसवलेले असते आणि आतली नळी बोल्टने चौकटीला आवळलेली असते. चाक वरखाली होते, तेव्हा यातला कोणताही भाग दुसऱ्यावर घासत किंवा फिरत नाही. रबर स्वतःच पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. म्हणूनच या बुशाला ग्रीसही लागत नाही आणि तेलही लागत नाही. जुने मिस्त्री त्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात, ते नाव अगदी योग्य आहे.

आता असे समजा, की गाडी लिफ्टवर आहे, चाके हवेत लटकत आहेत आणि त्याच स्थितीत मिस्त्रींनी बोल्ट पूर्ण आवळला. आतली नळी त्या कोनात जखडली गेली. गाडी खाली उतरवली, की भाराने आर्म वर जातो आणि रबराला लगेच पीळ बसतो. आर्मची लांबी ३० सेंटिमीटर धरली आणि चाक नेहमीच्या उंचीपेक्षा ७ सेंटिमीटर खाली लटकत होते असे मानले, तर हा पीळ साधारण १३ अंशांचा होतो. गाडी घरासमोर रात्रभर उभी असली, तरी रबर तेवढे पिळलेलेच राहते, आणि खड्डा आला की त्याच दिशेने आणखी पिळले जाते. असे बुश काही महिन्यांत फाटले, तर त्यात नवल नाही. मूळ प्रतीचा बुशही अशा बसवणीत टिकणार नाही.

म्हणून बोल्ट हातापुरता लावून गाडी चाकांवर उतरवायची, पुढचा भाग दोनतीनदा दाबून हलवायचा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर येते, आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, बोल्ट आवळायचा. आपल्या गाडीत हे झाले होते की नाही, हे आजही पाहता येईल. गाडी चाकांवर उभी असताना बुश पिळलेला दिसतो का, आणि चाके लटकती ठेवल्यावर तोच बुश सरळ, ताणाशिवाय दिसतो का, ते पाहा. तसे दिसले, तर बोल्ट हवेत आवळला गेला होता, असे निश्चित समजावे.

देवळाली_कॅम्प

रबरवाले काकांनी मूळ कारण सांगितलेच आहे. मी त्याआधीच्या पायरीबद्दल लिहिते, कारण दीड वर्षात तीन वेगवेगळे भाग बदलले गेले, म्हणजे आवाजाचे उगमस्थान नीट शोधले गेले नव्हते. मी गेली बारा वर्षे माझ्या दोन जुन्या गाड्यांची देखभाल घरीच करते आणि माझा अनुभव असा आहे, की आवाजाची जात ओळखली की अर्धे काम होते.

खडबडीत रस्त्यावर १५ ते २० च्या वेगाला येणारी बारीक, जलद कटकट बहुधा लिंक रॉडच्या गोट्यांची किंवा स्टॅबिलायझर बारच्या डी आकाराच्या बुशांची असते. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना एकदाच येणारा धप्प असा आवाज लोअर आर्मच्या त्या बुशाचा असतो, ज्यावर चाकाचा पुढेमागे ओढण्याचा भार येतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग उडाल्यासारखा टणकारा आला, तर शॉकअपच्या वरच्या टोकाला असलेल्या स्ट्रट माउंटिंगचे बेअरिंग पाहावे. सावकाश दाबल्यासारखी करकर किंवा कुईकुई ही कोरड्या किंवा सुटलेल्या रबराची असते. याशिवाय एक साधी परीक्षा अवश्य करावी. आवाज येत असताना ब्रेकला अगदी हलका पाय लावावा. आवाज तत्काळ थांबला, तर सस्पेन्शनला दोष देण्याआधी ब्रेक पॅड आणि कॅलिपरच्या पिना तपासाव्यात. माझ्या एका गाडीत मी सहा महिने ज्या आवाजामागे होते, तो याच पिनांचा होता.

करकरीसाठी मी पाण्याचा उपयोग करते. फवारणीच्या लहान बाटलीने एका वेळी एकाच बुशावर साधे पाणी मारायचे आणि दुसऱ्या व्यक्तीने गाडी दाबून हलवायची. ज्या बुशावर पाणी पडल्यावर आवाज बंद होतो, तोच आपला बुश. आपल्याकडे पावसाळ्यात गप्प असलेल्या गाड्या ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा बोलू लागतात, त्याचे कारणही हेच आहे. कटकटीसाठी दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते सोडवून, ते चाकाला किंवा ब्रेकच्या नळीला लागणार नाहीत असे बांधून, गल्लीतच अगदी सावकाश एक फेरी मारावी. आवाज गेला, तर तो लिंक रॉडचा किंवा बारच्या बुशांचा होता. त्या स्थितीत गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून मोठ्या रस्त्यावर जाऊ नये. आणि केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, खाली पक्के स्टँड लावावेत.

घाटवाटा

पीयूबद्दल माझा प्रत्यक्ष अनुभव सांगतो. कामानिमित्त मी आठवड्यातून दोनदा कसारा घाट उतरतो. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या सेडानच्या लोअर आर्मला आणि स्टॅबिलायझर बारला पीयूचे बुश बसवले. घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग अधिक नेमके झाले, जोराने ब्रेक लावल्यावर पुढचा भाग इकडेतिकडे सरकेनासा झाला, आणि हे फायदे आजही टिकून आहेत. फाटण्याचा प्रश्न उद्भवलेला नाही. ज्यांना गाडीचा ताबा महत्त्वाचा वाटतो, त्यांनी पीयूला घाबरू नये, असे माझे मत आहे.

परंतु आपला हेतू आवाज कमी करण्याचा आहे आणि त्या बाबतीत मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की नाशिकमधल्या द्वारकेच्या उड्डाणपुलाचे सांधे पूर्वी मला जाणवतही नव्हते, ते आता एकेक मोजता येतात. शिवाय पहिल्या वर्षी ग्रीस कोरडे पडल्यावर कुईकुई सुरू झाली. बुश काढून सिलिकॉन ग्रीस भरून पुन्हा बसवले, तेव्हा ती थांबली. हे काम मला दर दीडएक वर्षाने करावे लागते.

सातपूरचा_रबरवाला

घाटवाटा यांनी जे अनुभवले, त्याचे कारण पदार्थाच्या कठीणपणात आहे. शोअर ए या मापावर गाड्यांच्या रबरी बुशांचा कठीणपणा साधारण ५० ते ७० असतो, तर पीयूचा ७० ते ९५ असतो. कठीण बुश कमी दबतो, म्हणून चाकाची जागा पक्की राहते. पण रस्त्याचा बारीक थरकाप गिळण्याचे काम रबर जितके करते, तितके तो करत नाही आणि तो थरकाप पत्र्यापर्यंत पोहोचतो. शिवाय बहुतेक पीयू बुश आतल्या नळीला चिकटवलेले नसतात, नळी त्यांच्या आत फिरते. त्यामुळे त्यांना पीळ बसत नाही, हे खरे. मात्र जिथे फिरणे आहे तिथे घर्षण आहे, आणि म्हणून ग्रीसही आले. आपल्या गॅरेजने पीयू सुचवले, ते फाटण्यावरचा उपाय म्हणून. आवाजावरचा उपाय म्हणून लोअर आर्ममध्ये पीयू टाकणे मला पटत नाही. स्टॅबिलायझर बारच्या डी बुशांना पीयू वापरण्यास माझी तितकीशी हरकत नाही.

खरेदीबाबत थोडे लिहितो. मूळ प्रतीचा रबरी बुश घ्यावा आणि तो घेताना पाकिटावरची निर्मितीची तारीख पाहावी, कारण रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारे होते. बुश हातात घेऊन आतली नळी बरोबर मध्यभागी आहे का आणि कडेला रबर धातूपासून सुटलेले नाही ना, हे पाहावे. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे तो एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक वागतो. असा बुश दाबताना त्यावरची खूण मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दिशेलाच आली पाहिजे. ती चुकली, तर नव्या बुशातूनही धप्प आवाज येतो. बुश प्रेसवर आणि फक्त बाहेरच्या कड्यावर जोर देऊन बसवावा. हातोड्याने ठोकू नये आणि आतल्या नळीवर दाब देऊ नये. आत सरकण्यासाठी साबणाचे पाणी पुरते, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये.

संपूर्ण आर्म घ्यावा का, हे बॉल जॉइंटवर, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या गोलाकार सांध्यावर, ठरवावे. आपल्या आर्मला बॉल जॉइंट जोडूनच येत असेल आणि त्यातही ढिलाई असेल, तर संपूर्ण आर्म घेणे शहाणपणाचे आहे. जॉइंट घट्ट असेल, तर केवळ बुश बदलावेत. स्वस्त अनोळखी आर्मवर जे बुश येतात, ते पुष्कळदा आर्मपेक्षाही हलके असतात. मारुती ८०० सारख्या काही जुन्या छोट्या गाड्यांत स्टॅबिलायझर बारच आर्मला पुढेमागे धरून ठेवतो. तिथे बारच्या टोकाचे बुश गेले, की आवाजाबरोबर चाकाची जागाही हलते, म्हणून ते स्वस्त आहेत म्हणून दुर्लक्षित करू नयेत.

पिंपळगावकर

आमची द्राक्षबाग आहे आणि घरी पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, पिकअप आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. परंतु देखभालीच्या दृष्टीने तो इथे उपयोगी पडेल. आमच्याकडे गाडी धुतल्यानंतर खालून डिझेल आणि जळक्या ऑइलचा फवारा मारून घेण्याची पद्धत होती. त्यामुळे पाटे गंजत नाहीत आणि करकर दोन आठवडे थांबते, असा सगळ्यांचाच अनुभव होता. पुढे पाट्यांच्या शॅकलचे (पाट्याचे टोक चौकटीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश फुगून मऊ पडले आणि बोटाने दाबल्यावर त्यांचे काळे हाताला लागू लागले. नैसर्गिक रबर खनिज तेल शोषते आणि फुगते, हे मला तेव्हा एका जुन्या टर्नरने समजावून सांगितले. तेव्हापासून मी असा फवारा बंद केला आहे.

दुसरी गोष्ट बागाईतदारांसाठी. आम्ही बोर्डो मिश्रणाची टाकी याच गाडीतून नेतो आणि हिंदकळून ते खाली सांडते. त्यात मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार असतो आणि तांबे नैसर्गिक रबराचे ऑक्सिडेशन वेगाने घडवून आणते. म्हणून फवारणीच्या दिवशी संध्याकाळी मी पाट्यांचे भाग साध्या पाण्याने धुतो. पाच मिनिटांचे काम आहे.

सिडकोवासी

रबरवाले काका, बुशावर बारीक भेगा दिसल्या की तो लगेच बदलावा का? माझ्या गाडीचे सर्वच बुश वरून तडकलेले दिसतात, पण आवाज मात्र नाही.

सातपूरचा_रबरवाला

वरच्या थरातल्या केसासारख्या भेगा हवेतल्या ओझोनमुळे पडतात आणि त्या जुन्या रबरात सर्वत्र दिसतात. केवळ त्यांच्यामुळे बुश बदलू नये. नख आत जाईल इतकी खोल भेग, धातूपासून सुटलेले रबर, मध्यभागातून एका बाजूला झुकलेली नळी, किंवा तेल भरलेल्या बुशातून पाझरलेले तेल, यांपैकी काही दिसले तर बदलावा. टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्मला हलकेच रेटून पाहावे. रबर थोडे दबून परत येणे योग्य आहे; धातू धातूवर आपटल्याचा आवाज येणे योग्य नाही. टायर आतल्या कडेने झिजत असेल किंवा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर आवाज नसला तरी बुश तपासून घ्यावेत.

आनंदवल्लीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल काकांनी सांगितलेली परीक्षा केली. गाडी चाकांवर उभी असताना डाव्या आर्मचा मागचा बुश स्पष्टपणे पिळलेला दिसतो आणि चाक लटकते ठेवल्यावर तो जवळजवळ सरळ होतो. उजवीकडेही तसेच आहे, फक्त तिथले रबर अजून फाटलेले नाही. म्हणजे चारही बोल्ट हवेतच आवळले गेले होते. याबद्दल गॅरेजमध्ये विचारले, तेव्हा सगळे असेच आवळतात, असे उत्तर मिळाले. त्यांच्याकडे गाडीखाली उतरून काम करण्याचा खड्डा नाही, दोन खांबांचा लिफ्ट आहे, आणि गाडी खाली उतरवल्यावर बोल्टपर्यंत पाना पोहोचत नाही. अशा वेळी काय करावे?

देवळाली_कॅम्प

त्याला सोपा मार्ग आहे. गाडी लिफ्टवर असताना, चाक लावलेले असो वा नसो, बॉल जॉइंटच्या जवळ आर्मखाली जॅक लावायचा आणि चाकाचा मध्य व फेंडरची कड यांतले अंतर गाडी सपाट जमिनीवर उभी असताना होते तितके होईपर्यंत आर्म उचलायचा. हे अंतर आधी टेपने मोजून कागदावर लिहून ठेवावे. गाडी लिफ्टच्या हातांवरून उचलली जाऊ लागली असे जाणवले, तर तिथेच थांबावे. घाईने तसेच पुढे रेटू नये. मात्र शक्य असेल, तर खड्डा किंवा चार खांबांचा लिफ्ट असलेले गॅरेजच शोधावे. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून देणाऱ्यांकडे बहुधा गाडी चाकांवर उभी राहील असाच लिफ्ट असतो. तिथे बोल्ट ढिले करून, गाडी हलवून, पुन्हा आवळून घेता येतात, आणि बुश बदलल्यावर अलाइनमेंट करावेच लागते, त्यामुळे दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

उजवीकडचे बुश फाटलेले नसले, तरी साडेचार महिने पिळलेले राहिले आहेत. मी असते तर दोन्ही बाजूंचे एकत्रच बदलले असते.

आनंदवल्लीकर

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. चारही बुश मूळ प्रतीचे रबरीच घेतले. बॉल जॉइंट घट्ट होते, म्हणून आर्म जुनेच ठेवले. अंबडच्या एका टर्नरकडे प्रेसवर बुश दाबून घेतले आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे साबणाचे पाणीच वापरायला सांगितले. मिस्त्रींनी बोल्ट हातापुरते लावले, गाडी तशीच सावकाश शेजारच्या अलाइनमेंटच्या दुकानात नेली, आणि तिथे ती चाकांवर उभी असताना टॉर्क रेंचने बोल्ट आवळले. टो, म्हणजे चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप, बराच बिघडलेला निघाला, तोही नीट करून घेतला. मिस्त्रींनी संपूर्ण वेळ उभे राहून हे पाहिले आणि पुढच्या गाडीपासून आपणही असेच करू, असे स्वतःहून सांगितले, याचा मला फार आनंद झाला.

करकर पूर्णपणे गेली आहे. कटकट मात्र पुष्कळ कमी झाली असली, तरी थोडी शिल्लक होती. ताईंनी सांगितल्याप्रमाणे लिंक रॉड सोडवून गल्लीत फेरी मारली, तेव्हा तीही थांबली. लिंक रॉड दीड वर्षापूर्वीचेच आहेत आणि हाताला घट्ट लागतात, म्हणून डी बुश काढून पाहिले; त्यांची आतली बाजू झिजून बारभोवती फट पडली होती. आजवर ते कोणी बदललेच नव्हते. बारवर जिथे बुश बसतो तिथे गंजाची खरबरीत कडही आहे. नवे बुश तसेच बसवावेत का?

सातपूरचा_रबरवाला

गंजावर नवा बुश बसवू नये, तो आतून किसला जाईल. बारीक पॉलिश पेपरने तो भाग गुळगुळीत करून, पुसून, कोरडा करावा. रबरी डी बुश घेणार असाल, तर तो कोरडाच किंवा मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तरच सिलिकॉन ग्रीस लावून बसवावा. साधे चाकाचे ग्रीस मुळीच लावू नये. बारचा व्यास मोजून त्याच मापाचा बुश घ्यावा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत हा व्यास बदललेला असू शकतो आणि एका मिलिमीटरचा फरकही पुन्हा कटकट आणतो. याचे ब्रॅकेट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावे. बुशाची चीर मागच्या बाजूला येते की पुढच्या, हे जुना काढण्याआधी मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवा.

आनंदवल्लीकर

छायाचित्र घेतले होते. चीर मागच्या बाजूलाच आहे. बारचा व्यास व्हर्निअरने मोजला, तो २२ मिलिमीटर भरला, आणि त्याच मापाचे बुश मागवले आहेत. रविवारी सकाळी बसवतो.